रंग उतरावा, गाडी उरावी

प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारी जोडण्याचा छंद अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस बहरला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘एएमटी’ या कंपनीने १९५८ पासून खऱ्या मोटारीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढ्या प्रतिकृतींचे सुटे भाग खोक्यात घालून विकण्यास प्रारंभ केला. सव्वापाच मीटर लांबीची ऐसपैस मोटार अशा रीतीने जेमतेम वीतभर होऊन शाळकरी मुलांच्या टेबलावर येऊन बसली. मुलांनी ती गोंदाने जोडली, कुंचल्याने तिच्यावर जाडजूड रंग फासला आणि काही वर्षांनी ती माळ्यावर टाकून दिली.

आज याच गाड्या जुन्या वस्तूंच्या बाजारात नव्याने हिंडू लागल्या आहेत. गोंदाने बरबटलेल्या आणि रंगाच्या थरांखाली दबलेल्या या प्रतिकृतींना संग्राहक गमतीने ‘ग्लू बॉम्ब’ म्हणतात. तरीही त्यांना मागणी आहे, आणि त्याचे कारण साच्यांत दडलेले आहे. खऱ्या मोटारीचे रूप दरवर्षी बदलत असे. खेळण्यांचे उत्पादक मग नवा साचा घडवण्याऐवजी पुष्कळदा जुन्याच पोलादी साच्यात फेरफार करून पुढच्या वर्षीची गाडी काढत. त्यामुळे काही वर्षांच्या प्रतिकृती मूळ साच्यातून पुन्हा निघणे अशक्य झाले. न उघडलेले खोके मिळाले तरी ते महाग पडते. उरतो तो रंग फासलेला जुना सांगाडा. तो चुकीच्या द्रावणात बुडाला, तर त्याची जागा घेणारा दुसरा सहजी मिळत नाही.

जुन्या रंगावरच नवा रंग का देऊ नये, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. परंतु या आकारात दरवाजाची फट केसाएवढी आणि बॉनेटवरील अक्षरे मुंगीएवढी असतात. रंगाचा आणखी एक थर चढला, की ती बुजून जातात. म्हणून आधीचा रंग उतरवणे अपरिहार्य ठरते.

थर्माकोलचा धडा

या गाड्या बहुधा पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या असतात. मखरासाठी एके काळी घरोघरी येणारा थर्माकोल म्हणजे याच प्लॅस्टिकचे हवा भरून फुगवलेले रूप. थर्माकोलवर थिनर सांडले, की तो पाहता पाहता आक्रसतो. हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना मोटारीवर थिनर अथवा अ‍ॅसिटोन का वापरू नये, हे निराळे सांगावे लागत नाही. रंग निघण्याआधीच दरवाजाच्या रेषा वितळतात.

रंगाचा हट्टही समजून घेण्याजोगा आहे. ‘एनॅमल’ रंग म्हणजे ढोबळमानाने आपला ऑइल पेंट. तो केवळ सुकत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. उघड्या डब्यातील ऑइल पेंटवर धरलेली साय पुन्हा विरघळत नाही, ती याच कारणाने. चाळीस-पन्नास वर्षांत ही वीण अधिकच घट्ट होते. अ‍ॅक्रिलिक रंग मात्र तुलनेने लवकर हार मानतात. तेव्हा रंगाची वीण सोडवील, पण पॉलिस्टायरीनला हात लावणार नाही, असे द्रव्य निवडणे हेच या कामाचे मर्म आहे.

कोणते द्रव्य, कशासाठी?

सर्वांत सौम्य उपाय म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल. करोनाकाळात, २०२० नंतर, हे नाव आपल्याकडेही घरोघरी पोहोचले. अ‍ॅक्रिलिक रंग त्यात काही तासांत सैल पडतो. जुन्या एनॅमलवर मात्र ते अनेकदा अपुरे ठरते. गाडी त्यात दिवसेंदिवस बुडवून ठेवल्यास प्लॅस्टिक ठिसूळ होण्याची शक्यता असते.

ब्रिटनमधील छांदिष्ट यासाठी डेटॉल वापरतात. ते निर्भेळच घ्यावे लागते. सुटलेल्या रंगाला पाणी लागताच त्याचा चिकट लगदा होतो. म्हणून गाडी प्रथम डेटॉलमध्येच घासून साफ करायची आणि पाणी अगदी शेवटी वापरायचे, हा क्रम पाळावा लागतो.

अमेरिकेत ब्रेक ऑइलचा उपाय जुना आहे. ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ प्रकारचे ऑइल ग्लायकॉल ईथरवर आधारित असल्याने रंग फुगवून सुटा करते. ‘डॉट ५’ सिलिकोनचे असते. त्याचा येथे उपयोग नाही. काही दिवस थांबण्याची तयारी मात्र हवी. हे ऑइल विषारी असून खऱ्या मोटारीच्या रंगावर सांडले तर तोही उतरवते.

सर्वांत हट्टी एनॅमलसाठी कॉस्टिक सोडा असलेली, ओव्हनची वा इंजिनाची चिकटी काढणारी द्रावणे वापरतात. तेल आणि कॉस्टिक यांच्यापासून साबण होतो. एनॅमलमधील तेलकट अंशाचीही तीच गत होते. पॉलिस्टायरीनला अल्कलीची बाधा होत नाही. मानवी त्वचेला आणि डोळ्यांना मात्र गंभीर इजा होऊ शकते. रबरी हातमोजे, डोळ्यांना बंदिस्त चष्मा आणि खेळती हवा यांवाचून हे काम करू नये, तसेच अ‍ॅल्युमिनियमचे भांडे घेऊ नये. दोन निरनिराळी द्रव्ये एकत्र करण्याचा मोहही टाळावा.

आधी चाचणी, मग स्नान

कोणताही उपाय थेट संपूर्ण गाडीवर करू नये. प्रथम आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थेंब टाकून पाहावे. काचा, चकचकीत बंपर आणि पुढची जाळी काढता येत असल्यास काढून ठेवावी. बंपरची ती चमक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा अतिसूक्ष्म लेप असतो. कॉस्टिक लागताच तो नाहीसा होतो. नंतर झाकणाच्या डब्यात गाडी बुडवून रात्रभर ठेवावी आणि मऊ टूथब्रशने घासावी. गरम पाणी वापरू नये, प्लॅस्टिक वाकडे होते. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब काडीएवढे असल्याने छतावर जोर देऊ नये. रंग निघाला नाही, तर जोर वाढवण्यापेक्षा पुन्हा भिजवावे. हा टप्पा दोनतीनदाही करावा लागतो. वापरलेले द्रव मोरीत न ओतता वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचरा म्हणून द्यावे.

एवढे करूनही सर्वच पूर्ववत होते असे नाही. लाल रंगाखालच्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर गुलाबी डाग राहतो. तो प्रायमरखाली झाकला जातो. मात्र पूर्वीच्या मालकाने तीव्र लॅकर मारून प्लॅस्टिकच कुरतडले असेल, तर ती भेगांची जाळी रंगासोबत जात नाही. ती पॉलिश कागदाने घासून शक्य तितकी सपाट करणे एवढेच हाती असते.

घाईने एका दुपारी फासलेला रंग काढायला आठवडा लागू शकतो. पण साचाच उरला नसेल, तर त्या वीतभर गाडीसाठी एवढी वाट पाहणे हाच स्वस्त सौदा असतो.