बियांपासून कॅक्टस: आपल्या वसईच्या दमट हवेत कसं जमवायचं?



"जागा दोन गुंठेच राहिली, ओट्यावर छोटे शोभेचे कॅक्टस करून नर्सरीवाल्यांना दिले तर?" असं नंदाखालच्या दोन-तीन सभासदांनी विचारलं. जमतं. पण कॅक्टसला पाणी चालत नाही असं धरून बी पेरलंत, तर पहिल्याच महिन्यात सगळं हातचं जाईल. मोठं झाड कोरडं राहतं, पण त्याच्या पिल्लाला पहिले दोन-तीन महिने सतत ओल लागते. आणि ओल आली की बुरशी येते. सगळा खेळ इथेच आहे.

मी स्वतः गेल्या वर्षी जूनमध्ये दोन ट्रे पेरले. उगवण छान झाली आणि चार दिवसांत दोन्ही ट्रे बसले. चुका तीन: ऐन पावसात पेरणी, माती न वाफवणं, आणि सगळं बी एकाच जागी.

कधी पेराल? पाऊस गेल्यावर, दसरा ते दिवाळी. उगवणीला २० ते ३० अंश तापमान लागतं, ते तेव्हा मिळतं. शिवाय पुढच्या पावसाळ्याआधी रोपाला सात-आठ महिने मिळतात.

माती: चाळलेलं कोकोपीट, जाड वाळू आणि परलाईट समान भाग. वाळू नदीची घ्या, आपल्या किनाऱ्याची नको, तिच्यात मीठ असतं. मिश्रण मोदकपात्रात अर्धा तास वाफवा, झाकूनच गार करा. बावखलाचं पाणी शेतीला उत्तम, पण इथे नको, त्यातून शेवाळ येतं. उकळून गार केलेलं गोडं पाणी वापरा.

पेरणी: बी राजगिऱ्याएवढं किंवा त्याहून बारीक असतं. ओल्या मिश्रणावर नुसतं भुरभुरा, वर माती टाकू नका, त्याला उजेड लागतो. मोठ्या ट्रेऐवजी छोट्या कुंड्या घ्या आणि प्रत्येक कुंडी वेगळ्या झिपच्या पिशवीत बंद करा. एकीत बुरशी आली तर तेवढीच बाजूला काढता येते. पिशव्या उजेडात, पण थेट उन्हात नको. बहुतेक बी १ ते ३ आठवड्यांत उगवतं. आधी हिरवा मणी दिसतो, काटे मागाहून येतात.

नाताळपर्यंत पिशवी उघडू नका, पाणीही घालू नका. आतली ओल पुरते. जानेवारीत रोज थोडी थोडी उघडून रोपाला हवेची सवय लावा. मग वरची माती सुकू लागली की फवाऱ्याने पाणी. उन्हाळ्यात ५० टक्के शेडनेट, जूनपासून वर प्लॅस्टिकचं छप्पर, पण बाजू उघड्या. पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग. काडीला स्पिरिट लावून पुसून घ्या.

बी घेताना सांभाळा: निळ्या, इंद्रधनुषी कॅक्टसचं बी म्हणून फोनवर जाहिराती येतात, त्यात फसू नका. बाजारातले लाल-पिवळे गोळे तर बियांपासून स्वतःच्या मुळावर वाढतच नाहीत. त्यांच्यात हिरवा रंग नसतो, म्हणून ते ड्रॅगनफ्रूटसारख्या खोडावर कलम केलेले असतात. सुरुवात मॅमिलेरिया किंवा नोटोकॅक्टसने करा. पुढे बी घरचंच करता येईल. एका जातीची दोन वेगळी झाडं एकाच वेळी फुलली की ब्रशने पराग या फुलावरून त्या फुलावर न्या. मॅमिलेरियाला बारीक लाल मिरचीसारखी फळं धरतात, त्यात बी असतं.

आता पैशाचं. वर्षभरात रोप वाटाण्याएवढंच होतं. दोन इंची कुंडीत विकण्याजोगं व्हायला दोन वर्षं, कधी जास्तही लागतात. तोवर खर्चच आहे. म्हणून कर्ज काढू नका आणि यासाठी मोगरा उपटू नका. यंदा दहा कुंड्या करा. एक पावसाळा त्यांतली किती रोपं काढतात ते मोजा, मग पुढचा आकडा ठरवा.

रोपं मऊ पडली, पिवळी झाली तर लगेच फोटो पाठवा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

आपली,
कृषी सल्लागार