विटाळ आणि प्रदूषण

आमच्या महाविद्यालयात, देशातल्या इतर महाविद्यालयांप्रमाणेच, पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरणाचा पेपर सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशातून ही सक्ती आली आणि ती योग्यच आहे. पण वर्गात जे पुस्तक चालते त्यात ओझोनचा थर आहे, जंगलतोड आहे, नामशेष होणारे प्राणी आहेत; कचरा वेचणारी बाई कुठेच नाही. मग वस्तीतून आलेला विद्यार्थी हा पेपर गुणांपुरता लिहितो आणि विसरतो. चळवळीतल्या मित्रांचेही तेच. पर्यावरण म्हणजे पोट भरलेल्यांचा छंद, आधी भाकरीचे बोला, असे ते म्हणतात. त्यांचा राग मला समजतो, निष्कर्ष मात्र पटत नाही.

मी समाजशास्त्र शिकवते. या विषयाच्या इंग्रजी ग्रंथांत ‘पोल्यूशन’ हा शब्द वारंवार भेटतो. नदीच्या प्रकरणात आला की आपण त्याला प्रदूषण म्हणतो आणि जातीच्या प्रकरणात आला की विटाळ. इंग्रजीत एका शब्दावर भागते, मराठीने दोन वेगळे ठेवले. प्रदूषण मोजता येते. पाण्यात, हवेत, मातीत काय मिसळले ते प्रयोगशाळा सांगते. विटाळ मोजता येत नाही, कारण तो वस्तूत नसून माणसाच्या जन्मात आहे असे मानले गेले. आपल्या समाजाने शेकडो वर्षे विटाळाची काटेकोर मोजदाद ठेवली, आणि प्रदूषणाकडे मात्र डोळेझाक केली. पर्यावरणाचा प्रश्न या देशात सामाजिक प्रश्न का आहे, याचे उत्तर मला इथेच सापडते.

महाडचेच उदाहरण घ्या. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली संमत केला. पाठोपाठ महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्यावर जनावरे पाणी पीत, अन्यधर्मीय पाणी भरत. अस्पृश्यांना मात्र ठरावानंतरही ते बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह हजारो माणसे तळ्यावर गेली, पाणी प्यायली. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली. दही, दूध, शेण आणि गोमूत्र घातलेल्या घागरी पाण्यात ओतल्या. आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेत दोन्ही दिवसांचे नमुने नेले असते तर पहिले पाणी बरे आणि शुद्धीनंतरचे दूषित ठरले असते. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण समतेचा लढा म्हणून शिकतो, शिकवतो. तो निसर्गाच्या संपत्तीवरील हक्काचाही लढा होता, हे आपल्या पर्यावरणवाल्यांना फारसे आठवत नाही. आणि आपणही त्यांना आठवण करून देत नाही.

समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी १९७१ साली एक मुद्दा मांडला होता. एखादी वाईट परिस्थिती नुसती अस्तित्वात असून ‘सामाजिक प्रश्न’ ठरत नाही. समाजाने तिला प्रश्न म्हणून ओळखावे लागते, त्याबद्दल बोलणाऱ्यांना मान्यता लागते, मग सरकारी कागदावर तो उमटतो. म्हणजे प्रश्न कुणाचा आवाज ऐकला जातो यावर ठरतो. ज्यांना बोलायची मुभाच नव्हती त्यांच्या वाट्याचे हाल वर्षानुवर्षे ‘परिस्थिती’ राहतात, ‘प्रश्न’ होत नाहीत.

हे मी वारज्यात रोज पाहते. वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत आले. मधून महामार्ग गेला, शेतांवर इमारती चढल्या, आणि रामनगरसारख्या वस्त्याही दाटल्या. वारज्याचे पर्यावरण म्हटले की आज देशभर एकच गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे इथले नागरी वन. वनखात्याच्या सुमारे ४० एकर उजाड जमिनीवर झाडे वाढवली गेली. मी तिथे जाते. झाडे खरी आहेत, पाखरे खरी आहेत, त्या कामाला नावे ठेवायचे कारण नाही. ५ जून २०२० रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी हेच वन नमुना म्हणून देशाला दाखवले आणि २०० शहरांत अशी वने उभारण्याची योजना जाहीर केली.

त्याच दिवसांत, टाळेबंदीच्या भीतीत, पुण्यात दारोदार जाऊन कचरा कोण उचलत होते? आजारी माणसांच्या घरातला कचराही त्यात होता. त्या बायांची चित्रफीत त्या दिवशी कुणी दाखवली नाही. त्यांचे काम ‘सफाई’त मोडते, झाड लावणे ‘पर्यावरणा’त मोडते. ही विभागणी शास्त्राने केलेली नाही. ती जुनीच आहे.

या बायांबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगरकडची हजारो भूमिहीन कुटुंबे पुण्यात आणली. माझी आजी त्यांतलीच. कसायला जमीन नाही, हातात कारागिरी नाही. जी कामे मिळाली त्यांत कचरा वेचणे होते. माझ्या आईनेही कोथरूड-वारज्याच्या कोंडाळ्यांतून कागद, काच, पत्रा वेचला आणि भंगारवाल्याला घातला. एका बंगल्यात तिला पाणी द्यायचे ते ओंजळीत, वरून. त्या बंगल्याचाच कचरा ती हाताने निवडत होती. ज्या घरातून घाण निघाली ते घर शुद्ध, आणि ती घाण शहरातून कमी करणारी बाई विटाळाची!

१९९३ साली पुण्यात या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तिला होते. ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ चालवणाऱ्या माणसाने कचऱ्याकडे वळावे यात मला मोठी संगती दिसते. कचरावेचकांत नव्वद टक्क्यांच्या आसपास बाया, आणि त्यांतही बहुसंख्य मातंग आणि बौद्ध. पंचायतीने पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. ते कार्ड आईने कैक वर्षे पोलक्यात जपले, कारण त्यानंतर चोर समजून हटकणे कमी झाले. पुढे याच बायांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ साली महापालिकेने तिच्याशी करार केला. कोंडाळ्याऐवजी आता घराच्या दारातून ओला आणि सुका कचरा घ्यायचा, घरटी शुल्क घ्यायचे. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढी विनंती या बायांना शहराला करावी लागली. किती घरे ते पाळतात ते वाचकाने आपल्याच घरात पाहावे. २०२०च्या अखेरीस कराराची मुदत संपली तेव्हा काम ठेकेदारांकडे जाण्याची वेळ आली आणि बायांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. पुनर्वापराला जाणारा प्रत्येक किलो कचरा कमी जळतो, कमी पुरला जातो, आणि त्याच किलोवर एका घराची चूल पेटते. भाकरी आधी की पर्यावरण आधी, हा वाद इथे उभाच राहत नाही.

आता उरलेल्या कचऱ्याचे पाहू. एके काळी शहराचा कचरा आमच्या शेजारी, कोथरूडच्या डेपोत पडे. कोथरूडला मध्यमवर्गाची घरे झाली, तक्रारींना वजन आले, आणि कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीकडे गेला. जुन्या डेपोच्या जागी आज मेट्रोचा डेपो आहे. फुरसुंगीच्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. तिथले सगळेच दलित नाहीत, हे सांगितले पाहिजे. जातीबरोबर शहर आणि खेडे हाही भेद काम करतो. पण घाण शेवटी कमी आवाजाच्या माणसांच्या दारात जाऊन थांबते, हा नियम दोन्हीकडे सारखा दिसतो.

अमेरिकेतल्या काळ्या समाजाने हा नियम आपल्या आधी बोलून दाखवला. दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्याकडून नाव घेतले त्यांच्याच समाजाची ही गोष्ट. नॉर्थ कॅरोलिनातल्या बहुसंख्य काळ्या वस्तीच्या वॉरेन परगण्यात १९८२ साली विषारी माती पुरायचे ठरले. लोक ट्रकपुढे आडवे झाले, पाचशेहून अधिकांना अटक झाली. लढा हरला, माती तिथेच पुरली गेली. पण पाच वर्षांनी, १९८७ साली, एका चर्च संघटनेने देशभरच्या विषारी कचऱ्याच्या जागा आणि तिथल्या लोकसंख्येचा वंश यांची सांगड घालणारा अहवाल काढला, आणि परिस्थितीचा प्रश्न झाला.

आपल्याकडे ही सांगड घालायला मोठ्या संस्थेची वाट पाहायचे कारण नाही. मी यंदा विद्यार्थ्यांना निबंधाऐवजी दुसरेच काम दिले आहे. आपल्या गावात किंवा वॉर्डात कचरा कुठे पडतो, कोणत्या सालापासून, आणि त्याच्या सर्वांत जवळची वस्ती कुणाची? मेलेले जनावर कुठे टाकतात? गटाराचे पाणी कुणाच्या दारावरून जाते, नळाचे पाणी सर्वांत शेवटी कुणाला मिळते? तुंबलेले गटार साफ करायला कुणाला बोलावतात, त्याचे आडनाव काय, आणि आत उतरताना त्याला काय देतात? गावातल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनीही हे नकाशे करावेत. एका कागदावर रस्ते, विहिरी, उकिरडे आणि वस्त्या काढायच्या, बाजूला साल लिहायचे. आतापर्यंत माझ्याकडे अकरा नकाशे आले आहेत. त्यांतल्या नऊ नकाशांत उकिरड्याच्या जवळ जे नाव लिहिले आहे ते वाचताना मला गावाचे नाव पाहावे लागले नाही.