लंडीखाना स्टेशन कुठंय हो?

आंबा घाटात रेंज गेली आणि भाग अर्धाच ऐकला, असे बरेच मेसेज आले. म्हणून हा लेखी अवतार.

वैमानिकांचा किस्सा म्हटला की आपल्याला आकाश आठवतं. या किश्श्यात मात्र भिंत आहे, बस आहे आणि एक रेल्वे स्टेशन आहे. म्हणजे, नाहीये. तीच तर गंमत.

दिलीप परुळकर, आपला मराठी गडी. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला मार बसला, उजव्या खांद्याला जखम झाली. लीडर म्हणाला, उडी मार. यांनी तसंच विमान तळावर आणून उतरवलं! वायुसेना पदक मिळालं. १० डिसेंबर १९७१ ला मात्र त्यांचं सुखोई-७ पडलं आणि ते पाकिस्तानात युद्धकैदी झाले.

रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी खोलीची भिंत पोखरली. ऑगस्ट १९७२ मध्ये, ऐन वादळी रात्री, परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले. पेशावरची बस पकडली. पुढे खैबर खिंडीतलं लंडी कोतल. अफगाण हद्द आता जेमतेम काही मैलांवर!

इथे माशी शिंकली. 'सरहद्द कुठंय?' असं विचारणार कसं? नकाशात लंडी कोतलच्या पुढे, हद्दीजवळ 'लंडीखाना' स्टेशन होतं. तिथे जायचंय म्हणावं, संशय कोणाला येणार? डोकं बरोबर चाललं होतं, डेटा शिळा होता. तो फाटा १९२६ ला सुरू झाला आणि १९३२ ला बंदही पडला. तब्बल ४० वर्षं! आज कोणी भगवती बंदरावर येऊन 'मुंबईची पॅसेंजर बोट किती वाजता?' विचारलं, तर आपणही त्याला वर-खाली बघूच ना?

लोकांना वाटलं, हे पळून चाललेले बंगाली असणार. बांगलादेश झाल्यावर बरेच बंगाली त्याच वाटेने निसटत होते. तिघांना तहसीलदारापुढे उभं केलं.

आता खरा धोका. अंगावर साधे कपडे, सांगितलेली नावं खोटी. हेर ठरले तर संपलंच. जिनिव्हा करारानुसार पळताना सापडलेल्या युद्धकैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा करता येते, पण तुम्ही युद्धकैदी आहात हे आधी कोणाला तरी माहीत हवं! परुळकरांनी फोन करू द्या म्हणून सांगितलं. कोणाला? पाकिस्तानी हवाईदल प्रमुखांचे एडीसी उस्मान हमीद यांना. हे गृहस्थ आधी त्याच छावणीचे प्रमुख होते, कैद्यांशी माणुसकीने वागलेले. ज्याच्या तुरुंगातून पळालो, त्यालाच फोन! उस्माननी ओळखलं, सांभाळून घेतलं, तिघं वाचले.

१ डिसेंबर १९७२ ला सगळे कैदी सुटून वाघ्यामार्गे परत आले. या वेळी रस्ता कोणाला विचारायला लागला नाही.