जुन्या घरात लाकडी जमीन? आधी फरशीखाली पाहा!

मैत्रिणींनो, दुकानात गुळगुळीत लाकडी जमीन पाहिली, की ‘आपल्या घरात अशी असती तर!’ असं कुणाच्याही मनात येतं. आमच्याही आलं. थंडीत शहाबादीचा गारठा सासूबाईंच्या गुडघ्यांना सोसेना, म्हणून त्यांच्या खोलीत सागवानी पट्ट्या बसवायचं ठरलं. ऐन एप्रिलात, सोलापूरच्या उन्हाने लाकूड खडखडीत वाळलेलं असताना, सुताराने पट्ट्या चारी भिंतींना घट्ट भिडवल्या. काय छान दिसत होतं! पण पावसाळ्यात पट्ट्या फुगल्या, सरकायला जागा नव्हती, मग मधोमध वर उचलल्या. त्या उंचवट्याला सासूबाईंचा पाय अडखळला. थोडक्यात निभावलं, पण जो धडा मिळाला, तो तुम्हांला सांगायलाच हवा.

पहिली गोष्ट, शहाबादीला नावं ठेवू नका. कलबुर्गीकडच्या खाणींतून ती रेल्वेने सहज येई, म्हणून आपल्या घराघरांत पोचली. उन्हाळ्यात गार, पाण्याला न भिणारी. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि दारातली जागा तिच्याकडेच राहू द्या. लाकूड झोपण्याच्या खोलीत शोभतं आणि टिकतंही.

आता खालची जमीन तपासा. सोलापूर भागातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; घर तिच्यावर असेल तर फरशीही वर-खाली होते. तुमच्या घरात पूर्वी हातमागाचा खड्डा होता का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बुजवलेला खड्डा वर्षानुवर्षं खचत राहतो. काठीने ठोकून पाहा. ‘बद्द’ आवाज आला तर तिथली फरशी उचलून, भराव नीट चोपून मगच पुढचं काम.

ओल ओळखायची सोपी युक्ती अशी : दोन फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद फरशीवर पसरा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. खाली पाण्याचे थेंब जमले तर लाकडाचा विचार तूर्त सोडा. ही परीक्षा पावसाळ्यात घ्या, उन्हाळ्यात नको! भिंतीच्या कडेला मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिचा बंदोबस्त जाणकाराकडूनच करून घ्या. औषध मारताना मुलं आणि भांडीकुंडी त्या खोलीत नकोत.

माडीवर मात्र लाकूडच बरं. जुन्या वाड्याच्या तुळयांवर सिमेंट आणि टाइल्सचं ओझं कशाला? त्यामानाने फळ्या हलक्या. फक्त तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आधी तपासून घ्या. कुजायला सुरुवात तिथूनच होते. वखारीत जुन्या वाड्यांचं सागवान मिळतं. ते चांगलं मुरलेलं असतं. पण खिळे आणि कीड नीट बघून घ्या.

बसवताना एवढं लक्षात ठेवा :

पट्ट्या आणल्या आणि लगेच ठोकल्या, असं नको. आठ-दहा दिवस त्याच खोलीत राहू द्या.

चारी भिंतींकडे अर्ध्या इंचाच्या आसपास फट सोडा. वर लाकडी पट्टी मारली की ती दिसत नाही. आमची चूक नेमकी इथेच झाली.

जमीन वर आली की दार घासतं. ते खालून किती तासावं लागेल हे आधीच मोजा. उंबरठ्याशी चढ-उतार राहिला तर तिथे उतरती पट्टी बसवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना ठेच लागणार नाही.

आणि शेवटचं, आपली सवय! बादलीभर पाण्याने फरशी पुसल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. लाकडाला हे मानवत नाही. आधी केर काढा, मग घट्ट पिळलेलं फडकं फिरवा, बस्स.

आम्ही पट्ट्या काढून, कडेला फट सोडून पुन्हा बसवल्या. खर्च दुप्पट झाला, पण सासूबाई आता त्या खोलीत बिनधास्त अनवाणी फिरतात. तुम्ही मात्र एकाच खर्चात भागवा!