प्रभागांच्या सीमा कोणी आखाव्यात?

सिल्लोड नगरपरिषदेसारख्या संस्थांच्या निवडणुकांवर संविधानानुसार राज्य निवडणूक आयोगाची देखरेख असते. तथापि प्रभागरचना, म्हणजे मतदानासाठी शहराचे विभाग पाडणे, कोणी करावी हे राज्याचा कायदा ठरवतो. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून हा अधिकार आयोगाकडून शासनाकडे घेतला. २०१६ मध्ये आणलेली आणि २०२० मध्ये रद्द झालेली नगराध्यक्षांची थेट निवडही २०२२ मध्येच परतली. सत्तेबरोबर निवडीचे नियम बदलावेत आणि निवडणूक लढवणाऱ्या पक्षांच्याच सरकारने सीमा आखाव्यात, हे लोकशाहीला घातक आहे. प्रारूप रचनेवर हरकती मागवल्या जातात, तेव्हा सिल्लोडकरांनी आपल्या वस्तीची हद्द नकाशावर तपासून मुदतीत लेखी हरकत नोंदवावी.