सातबाऱ्यावर नसलेले डबके

बेडूक वाचवायचे म्हणजे नेमके काय वाचवायचे, हा वाद आपल्याकडे पहिल्यांदा रंगला तो पैशांवरून. बेडकांच्या तंगड्या परदेशी धाडून भारत त्या काळी चांगले परकीय चलन मिळवत होता. १९८१ साली ही निर्यात चार हजार टनांच्या वर गेली होती. भातखाचरांत रात्री बत्ती घेऊन उतरायचे, उजेडाने दिपून गेलेला मोठा हिरवा बेडूक उचलायचा आणि पोत्यात भरायचा, असा तो धंदा. मुंबईचे निसर्ग अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी या धंद्याविरुद्ध लेखणी उचलली. त्यांनी प्राणिदयेचा आधार घेतला नाही, सरळ हिशेब मांडला. बेडूक शेतातले किडे आणि खेकडे खातो. त्याला विकून जे डॉलर येतात ते पुढे कीटकनाशकांवर जाणार असतील, तर या व्यवहारात देशाने कमावले काय? १९८५ साली या बेडकाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि १९८७ साली भारताने निर्यातच थांबवली.

ही बंदी योग्यच होती, असे मी ठामपणे म्हणेन. पण तिने काय साधले तेही पाहायला हवे. युरोपातल्या ताटांतला पदार्थ बदलला नाही, फक्त पुरवठादार बदलला. आधी बांगलादेश आणि मग इंडोनेशिया. इकडे गोव्यात पहिला पाऊस पडला की ‘जंपिंग चिकन’ या नावाने बेडकांची चोरटी विक्री अजूनही होते. वनखात्याची पथके रात्री फिरतात, बेडूक मारणाऱ्याला तुरुंग आणि दंडाची तरतूद आहे. तरीही खाणाऱ्याच्या जिभेपर्यंत कायदा पोहोचायला वेळ लागतो. त्यासाठी दरवर्षी जूनमध्ये गावागावांत बोलत राहणारे कार्यकर्तेच लागतात, आणि गोव्यात ते आहेत.

दरम्यान जगात निराळेच संकट उभे राहिले. ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत, जिथे जंगलाला कुणी हात लावला नव्हता अशा डोंगरांतले बेडूकही भराभर नाहीसे होऊ लागले. १९९०च्या दशकाच्या शेवटी कारण सापडले. ती कायट्रिड नावाची बुरशी होती. बेडूक त्वचेतून पाणी आणि क्षार घेतो, ही बुरशी त्या त्वचेवरच हल्ला करते, क्षारांचा तोल बिघडतो आणि शेवटी हृदय थांबते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात या रोगामुळे ५०१ प्रजाती घटल्याचे आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या गेल्याचे म्हटले होते. पनामाचा सोनेरी बेडूक २००९ नंतर रानात दिसलेला नाही. त्याचे वंशज प्राणिसंग्रहालयांच्या काचपेट्यांत वाढत आहेत.

इथून दुसरा वाद सुरू झाला. बेडूक काचेआड नेऊन त्यांची पैदास करायची, की त्यांच्या जागा सांभाळायच्या? काचपेटीच्या बाजूने बोलणाऱ्यांजवळ टांझानियाचे उदाहरण आहे. तिथल्या किहान्सी धबधब्याच्या तुषारांत एक चिमुकला टोड राहायचा. २००० साली धरणाने धबधब्याचे पाणी वळवले. त्याच सुमारास ४९९ टोड पकडून न्यूयॉर्कला नेले गेले. २००९ साली ही प्रजाती रानातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि २०१२ पासून अमेरिकेत वाढवलेले टोड पुन्हा किहान्सीला सोडले जाऊ लागले. काचपेट्या नसत्या तर परत आणायला काहीच उरले नसते, हे खरे. पण ज्या दरीत ते परतले तिथे आता नळ्या टाकून कृत्रिम तुषार उडवावे लागतात, आणि ते कायमचे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा उपाय मला जास्त भावला. बुरशीला उष्णता सोसत नाही हे ओळखून त्यांनी भोके असलेल्या विटा रचल्या आणि वर छोटे हरितगृह उभारले. बेडूक आपण होऊन त्या उबेत जाऊन बसतात आणि बरे होतात.

मग आपणही सह्याद्रीत काचपेट्या मांडायच्या का? माझे उत्तर नाही असे आहे. ही बुरशी पश्चिम घाटातही आहे. २०११ पासून तशा नोंदी आहेत आणि ती बऱ्यापैकी पसरलेली असल्याचेही पुढे दिसून आले. पण बेडकांचा सडा पडावा तशी मरतूक इथे आढळलेली नाही. या बुरशीचे मूळ आशियातले मानतात, त्यामुळे आपल्या बेडकांची तिच्याशी जुनी ओळख असावी. पनामाच्या रोग्याला दिलेले औषध सह्याद्रीच्या रोग्याला देऊन चालणार नाही. इथले दुखणे जमिनीचे आहे.

त्यासाठी आंबोलीला जायला हवे. २००९ साली एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका टोडला स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिले. अंगावरच्या पिवळ्या पट्ट्यांमुळे त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला. आंबोलीच्या परिसराबाहेर तो फारसा कुठे सापडलेला नाही. वर्षातला बराच काळ तो सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, सुट्या दगडांखाली दडून असतो. वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की कातळाच्या खळग्यांत चार बोटे पाणी साचते. नर तिथे जमतात, माद्या येतात, अंडी घातली जातात आणि थोड्याच दिवसांत गर्दी पांगते. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांपुढे त्या चार बोटे पाण्याचेच जग असते. पुढचा पाऊस लांबला तर डबके आटते आणि त्या खळग्यातली अख्खी वीण संपते. २०२३च्या जागतिक मूल्यांकनात आठ हजारांवर उभयचर प्रजाती तपासल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ४१ टक्के धोक्यात असल्याचे दिसले, आणि गेल्या दोन दशकांतल्या घसरणीचे सर्वांत मोठे कारण हवामानबदल निघाले. त्याचा अर्थ सड्यावर असा उलगडतो.

आता हा सडा सरकारी कागदावर काय आहे? पडीक, पोटखराबा. त्यावर काही पिकत नाही, म्हणून तो निकामी. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणातल्या पडीक जमिनींवर आंबा-काजू उभा केला. त्याने अनेक घरांत पैसा आला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण सड्यावर कलम लावायचे म्हणजे सुरुंगाने कातळ फोडायचा, खड्ड्यात बाहेरून माती आणून भरायची आणि सुटे दगड गोळा करून गडगा घालायचा. डबके गेले आणि दगडाखालचा आसराही गेला. विजयन जितिन, अपर्णा वाटवे आणि रोहित नानिवडेकर यांनी अलीकडे कोकणातल्या सड्यांवर केलेल्या अभ्यासात मोकळ्या सड्याच्या तुलनेत भातशेतीत उभयचरांची विविधता सर्वांत कमी आढळली आणि कलमांच्या बागांत त्यांची संख्या सर्वांत कमी. खाचर म्हणजे बेडकांचे माहेर, असे आपण धरून चालतो. सड्यावरच्या बेडकांना मात्र खाचर परकेच ठरते.

यावर सडे ताब्यात घ्या, अभयारण्य करा, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. कोकणातला सातबारा सामाईक असतो, त्यावर निम्मी नावे मुंबईच्या चाकरमान्यांची असतात, आणि आरक्षणाची नुसती कुणकुण लागली तरी जमीन विकून मोकळे होण्याची घाई सुरू होते. विकत घेणाऱ्याला चिरेखाणच हवी असते. त्यापेक्षा आंबोलीनेच दाखवलेली वाट बरी. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ एक नवी मासळी सापडली, तेव्हा २०२१ साली तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. मासळीसाठी जे झाले ते टोडच्या कातळासाठी का होऊ नये? ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती त्यासाठी कायद्यातच आहे. तिने विणीचे खळगे नोंदवावेत आणि फळबागेचे अनुदान मंजूर होण्याआधी ही नोंद पाहिली जावी. सड्याचा एखादा तुकडा मोकळा ठेवणाऱ्या बागायतदाराला त्या तुकड्याचेही अनुदान मिळावे. पहिल्या पावसाच्या रात्री घाटरस्त्यावर वाहनांचा वेग आवरावा, कारण त्याच रात्री बेडूक रस्ता ओलांडतात आणि चिरडले जातात. फोटोसाठी येणाऱ्या हौशी मंडळींनी टॉर्च आणि कॅमेरे घेऊन डबक्यात पाय घालू नयेत, बूट धुऊन यावेत.

यातल्या एकाही गोष्टीला प्रयोगशाळा लागत नाही. मात्र तलाठ्याच्या दप्तरात, पोटखराबा लिहितात त्या रकान्यात, एक नवा शब्द लागतो. तो लिहिण्याचा अधिकार महसूल खात्याकडे आहे, आणि बेडकांविषयीच्या बैठकांना आजवर बोलावले जाते ते वनखात्याला.