घडीची विजेची सायकल ईटच्या वाटेवर चालेल काय?

भूम तालुक्यातील ईट गावाहून नोकरीला, कॉलेजला किंवा दवाखान्यात जाणाऱ्या बाईचा दिवस एस.टी.च्या वेळेने बांधलेला असतो. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, हे चांगलेच झाले. पण गाडीच आली नाही तर अर्ध्या तिकिटाचे करायचे काय? 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी.चा संप एप्रिल 2022 पर्यंत लांबला. त्या दिवसांत काळीपिवळीला मोजलेले पैसे आणि पडलेले खाडे पुष्कळ घरांना आठवत असतील. शिवाय एस.टी. सोडते फाट्यावर, वस्तीवरची शाळा, अंगणवाडी त्याच्या पुढे असते.

म्हणून विजेवर चालणाऱ्या सायकलीचा विचार घराघरांत व्हावा, असे आम्हांस वाटते.

आधी कायद्याचे. मोटर 250 वॅटच्या आतली आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर केंद्रीय नियमांनुसार ही सायकल मोटार वाहन ठरत नाही. लायसन्स नको, पासिंग नको. मात्र दुकानदार 'वेग वाढवून देतो' म्हणाला तर तिथेच नाही म्हणावे. मग ही सूट उरत नाही.

आता खर्च. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 360 वॅट-अवर. एक युनिट 1000 वॅट-अवरचे, तेव्हा चार्जरमधली घट धरूनही एकदा भरायला अर्धे युनिटसुद्धा लागत नाही. पेट्रोलच्या लिटरला शंभराची नोट पुरत नाही, हे आपण जाणतोच. पायडल मारत गेल्यास एका चार्जिंगमध्ये पंचवीस-तीस किलोमीटर धरावेत. बालाघाटचा चढ आणि समोरचा वारा त्यातूनही काही कापून घेतात. जाहिरातीतला आकडा सपाट रस्त्याचा असतो!

घडीची सायकल मात्र मूळची शहरातली. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी 1970 च्या दशकात ब्रॉम्प्टन सायकल घडवली, ती गाडीत चढवता यावी आणि लहान घरात मावावी अशी. आपल्याकडे पुण्याच्या ईमोटोरॅड कंपनीची 'डूडल' घडी होणारी आहे. मार्च 2022 मध्ये सुरू झालेल्या पुणे मेट्रोने डब्यात सायकल न्यायला मुभा दिली, तेव्हा पुण्यात एका खोलीत राहून कामाला जाणाऱ्या आपल्या मुलांना ती उपयोगी पडेल.

ईटला मेट्रो नाही. इथे घडीचा फायदा एवढाच, की सायकल रात्री घरात येते आणि वाटेत बिघडली तर जीपमध्ये टाकता येते. त्यासाठी चाळीस-पन्नास हजार मोजावेत काय? आमचे मत नाही असे आहे. साधी विजेची सायकल पंचवीस-तीस हजारांपासून मिळते. मोठ्या चाकाला खड्डे कमी जाणवतात. घडीच्या सायकलीचे चाक बहुधा 20 इंची, डूडलचे तर जाडजूड. तशी ट्यूब गावच्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असे नाही. मोटर मागच्या चाकात असते, म्हणून वायर सोडवल्याशिवाय चाक निघत नाही. घेण्याआधी त्यालाच विचारावे, 'दादा, हे तुम्हाला जमेल का?'

चार्जर सायकलीसोबत आलेलाच वापरावा. बॅटरी अंथरुणाजवळ किंवा दाराच्या वाटेत भरायला लावू नये, आणि भरली की बटण बंद करावे. काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते व तीच सर्वांत महागडी वस्तू असते. तिची किंमत दुकानात आधीच विचारून बिलामागे लिहून घ्यावी.